जाळी मोकळी ठेवावी

गुरुवार, ४ डिसेंबर

ठकीला दवाखान्यातून घरी आणून आज तिसरा दिवस. वजन एक किलो सातशे ऐंशी ग्रॅम. नाव अजून ठेवलेलं नाही म्हणून मी नातीला ठकी म्हणतो. हर्षिताला, माझ्या लेकीला, ते आवडत नाही, पण भांडायला तिच्या अंगात त्राण नाही.

वजन, ताप आणि दूध किती वेळा घेतलं याची नोंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी वही आणली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्यावर चार ओळी स्वतःच्याही लिहाव्यात असं वाटलं. मी मुद्रितशोधक. पुण्यातल्या छापखान्यात जन्म गेला. बाळंतपणातलं मला ओ की ठो कळत नाही. हे काम माझ्या बायकोचं, प्रतिमाचं होतं, पण ती चार वर्षांपूर्वी मला एकट्याला टाकून गेली. पोर आठव्या महिन्यातच झाली, त्यामुळे हर्षिताचं माहेरी यायचं राहिलं आणि माहेरच गाडीत बसून बंगळूरला आलं. माहेर म्हणजे मी आणि माझी एक बॅग.

जावई शंभूराज कंपनीच्या कामावर जर्मनीत अडकला आहे, नाताळात येईल. विहीणबाई तुंगाबाई होसूरला बहिणीकडे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेराला परततील. या जयनगरच्या घरात आम्ही तिघंच. त्यातली एक पावणेदोन किलोची.

चार दिवस ऊन नाही. समुद्रात वादळ आहे म्हणे. बंगळूरच्या हवेचं सगळे कौतुक करतात, ती हवा या घराच्या दगडी भिंतीतून सरळ आत येते. काल हीटर लावला तर मेन फ्यूज उडाला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायरिंग पन्नास वर्षांचं आहे, हीटर लावाल तर घर पेटेल. आज तर गल्लीतलं झाड तारांवर पडलं आणि वीजच गेली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी ठकीचा ताप पस्तीस पॉइंट आठ. साडेछत्तीस हवा. पावलं बर्फासारखी.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, छातीला छाती लावून धरा, आळीपाळीनं, सोडू नका. पस्तीसच्या जवळ गेली किंवा वजन उतरायला लागलं तर परत घेऊन या, पुन्हा काचेच्या पेटीत ठेवावी लागेल. मी फोन ठेवला तर हर्षिता समोर उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, परत काचेत नको."

एकोणीस दिवस तिनं आपली मुलगी काचेतून बघितली आहे. पेटीच्या भोकातून दोन बोटं आत घालता यायची, तेवढीच. रोज घरी येऊन ती दोन बोटं दुसऱ्या हातात धरून बसायची. मी म्हटलं, "नाही जाणार काचेत. शब्द देतो." असा शब्द देऊन मी मोकळा झालो. तो पाळायचा कशाच्या जोरावर, हे मला माहीत नाही.

दुपारी हर्षिता झोपली तेव्हा मी शर्ट काढून ठकीला छातीवर घेतलं, वर शाल बांधली. चौसष्टाव्या वर्षी हे आलं नशिबी. छातीवरचे पांढरे केस तिच्या नाकात जात होते आणि ती शिंकत होती. दोन तास हललो नाही. तिचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि माझाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, प्रतिमाच्या वेळीही नाही.

शंभूराज फोनवर म्हणाला, हॉटेलात जा. रस्त्यावर आडवं झाड, गुडघाभर पाणी. एवढीशी पोर घेऊन कुठं जाऊ?

शनिवार, ६ डिसेंबर

आम्ही झोपतो त्या खोलीच्या कोपऱ्यात कमरेएवढी लोखंडी वस्तू आहे. वर विणलेला रुमाल, त्यावर मनीप्लांट. इतके दिवस मी तिला तिजोरी समजत होतो. आज मनीप्लांटला पाणी घालताना मागून निघून भिंतीत गेलेली जाड नळी दिसली. तिजोरीला नळी कशाला?

रुमाल काढला. चांदीचा रंग फासलेला होता, तो सुरीनं खरवडला. खाली ओतीव अक्षरं निघाली. सुरुवातीची गंजून गेलेली, शेवटी 'स्गो' एवढंच शिल्लक. ग्लासगो असणार. गळलेली अक्षरं भरून काढणं हे तर माझं पोटापाण्याचं काम होतं. पुढं लहानसं दार, त्याला अभ्रकाच्या चौकोनी खिडक्या. आत विटांचं अस्तर. तळाशी जाड लोखंडी सळ्यांची जाळी आणि खाली राखेचा खण. खणात राखेबरोबर बसचं एक जुनं तिकीट निघालं.

शंभूराजला फोन केला. म्हणाला, "हो हो, अप्पांची शेगडी! कॅन्टोन्मेंटातल्या कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून आणलेली. दर जानेवारीत पेटवायचे. अप्पा गेल्यापासून बंद आहे. पण बाबा, रिस्क नको." अप्पा म्हणजे त्याचे वडील, जयसिंगराव. मी म्हटलं, बाळंतिणीला शेक-शेगडी आपल्याकडं काय नवी आहे का? हर्षिताच्या वेळी माझ्या सासूबाईंनी खाटेखाली महिनाभर निखारे ठेवले होते. इथं तर धूर बाहेर न्यायला नळीसुद्धा आहे.

शेगडीच्या मागं पत्र्याचा डबा होता. त्यात चिमटा, सळी आणि घडी घातलेला कागद. जयसिंगरावांचं अक्षर टपोरं, मराठी मात्र या बंगळूरच्या मराठी लोकांची असते तशी, अर्धी कानडी. जसंच्या तसं उतरवतो:

"शेगडी लावण्याची रीत. आधी राख काढणे. बारीक लाकूड, त्यावर इद्दिल, ते लाल झाले की दगडी कोळसा स्वल्प स्वल्प घालणे. एकदम नको. निजताना गाळी मोकळी ठेवावी. गाळी अडली की घात."

'इद्दिल' काय ते कळेना. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, तर त्यानं आपल्या लोणारी कोळशाच्या पोत्यावर हात ठेवला. स्वल्प म्हणजे थोडं, ते इथं रिक्षावालेही म्हणतात. 'गाळी' विचारावी लागली नाही. हस्तलिखितात ग आणि ज यांची गल्लत नेहमीचीच. असे हजार ज मी आयुष्यात सरळ केले आहेत. लाल पेन्सिलीनं ग वर काट मारली आणि समासात ज लिहिला. जाळी मोकळी ठेवावी. जाळी अडली की घात. बरोबर आहे, जाळीत राख अडकली की विस्तव गुदमरणार.

हर्षितानं अंथरुणातूनच विचारलं, "काय लिहिलंय, बाबा?" मी तिला दुरुस्त करून वाचून दाखवलं. "बरं," म्हणाली आणि ठकीकडं वळली.

रविवार, ७ डिसेंबर

पेटली!

आधी अर्धा तास खोलीभर धूर. हर्षिताला ठकीसकट स्वयंपाकघरात पाठवलं आणि मी खोकत बसलो. मग नळी तापली आणि धूर एकाएकी तिकडं ओढला गेला, कुणी बोलावल्यासारखा. इस्त्रीवाल्यानं कोळसा दिला आणि वर पेटवून दाखवायलाही आला. खोलीत सत्तावीस अंश झाले. ठकीचा ताप साडेछत्तीस. वजन सतराशे नव्वद. दहा ग्रॅम वाढली.

हर्षिता रडली आणि मग हसली. तिचं हसणं मी पंचवीस दिवसांनी बघितलं. मला वाटलं, प्रतिमा कुठं असेल तिथून बघत असेल तर म्हणेल, जमलं की हो तुम्हाला.

लोणारी कोळसा मात्र दोन तासांत संपतो. उठून उठून घालावा लागतो. दगडी कोळसा शोधला पाहिजे.

सोमवार, ८ डिसेंबर

मेट्रोनं चिकपेटला गेलो. शेजारच्या बाईंना हर्षितापाशी बसवलं. चिकपेटच्या गल्ल्यांत कापड आणि माणसं यांतून वाट काढत लोखंडी सामानाच्या ओळीत पोचलो. नरसिंहराव म्हणून एक दुकानदार भेटले, सत्तरीचे, कपाळाला गंध. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडं आले म्हणे. इथं भेटणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे पूर्वज शहाजीराजांबरोबरच आलेले असतात.

मोबाइलवरचे फोटो त्यांनी चष्मा वर करून बघितले. "हे रांधायचं नव्हं, अण्णा. खोली तापवायचं. आणि लाकडाचं पण नव्हं. ही जाळी बघा किती जाड. दगडी कोळशाचा ताप सोसायला असं ओततात. विटा पण त्यालाच." आणि मग म्हणाले, "कॉफी एस्टेटवरच्या गोऱ्यांकडं असायच्या असल्या. आमच्या आजोबानं दोन दुरुस्त केल्यात. शंभर वर्षांचं लोखंड आहे, अजून शंभर चालतं."

लोहारकामाचा दगडी कोळसा त्यांनीच मागवून दिला, दोन गोण्या, रिक्षात घालून. मी निघालो तेव्हा बाहेरपर्यंत आले. "घरात लहान मूल आहे म्हणता. गाळी सोडून ठेवा हं, अण्णा. स्वल्प का असेना, गाळी पाहिजेच."

म्हणजे हेसुद्धा जाळीला गाळी म्हणतात! जयसिंगरावांची लेखनातली चूक नव्हती तर, इथला उच्चारच तसा दिसतो. तीन-साडेतीनशे वर्षांत ज घासून घासून ग झाला असेल. पुण्याला गेल्यावर कुणातरी भाषावाल्याला सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, "रोज साफ करतो, काळजी नको." ते म्हणाले, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, पण चेहऱ्यावरून त्यांना काही कळलेलं दिसलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

दगडी कोळसा चांगला चार-पाच तास राहतो, पण ऊब सगळी नळीतून बाहेर जाते. मी इथं कोळसे घालतो आणि जयनगरचं आकाश तापतं. पहाटे खोली पुन्हा एकवीसवर. ठकी पस्तीस पॉइंट नऊ.

मग नळी नीट बघितली. माझ्या डोक्याच्या उंचीवर तिला एक किल्ली आहे, तारेच्या वेटोळ्याची मूठ असलेली. गंजून बसली होती, खोबरेल तेल सोडून फिरवली. उभी असली की विस्तव भडकतो. आडवी केली की शांत होतो, निखारा लालबुंद राहतो आणि ऊब खोलीतच थांबते. धूर नाही, वास नाही. जयसिंगरावांनी या किल्लीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांना बहुधा सापडलीच नसेल.

दुपारी खिडक्यांच्या फटींना कणकेची खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली. वरचा झरोकाही बुजवला. दाराखाली प्रतिमाची जुनी सोलापुरी चादर. आता बघतो थंडी कुठून येते ते.

बुधवार, १० डिसेंबर

एकोणतीस अंश. पहाटेसुद्धा! किल्ली आडवी, कोळसा सकाळपर्यंत टिकला. ठकी साडेछत्तीस. वजन अठराशे पाच.

शांत झोपते आता. आधी तासातासाला किरकिरायची, काल पाच तास हू की चू नाही, दुधासाठी गालाला टिचक्या मारून उठवावी लागली. आणि रंग काय खुललाय! गाल, ओठ, तळवे, सगळं गुलाबी. शंभूराजला व्हिडिओवर दाखवली, तोही म्हणाला, "बाबा, तुम्ही कमाल केलीत." मान्य आहे. केली.

दिवसभर डोकं जरा जड आहे. वीज येऊन-जाऊन आहे, दिव्यावाचून वाचतो त्याचा परिणाम असणार. चष्म्याचा नंबर बदललाय. हर्षिताचंही डोकं दुखतंय. तिचं जागरणानं.

जाळी तीनदा साफ केली. एक खडा राहू दिला नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

वजन १८०५. तेवढंच. झोपते. मीही खूप झोपलो झोपलो. हर्षिताला दूध देऊन दूध. पाय कापसाचे झालेत. कोळसा घातला, जाळी साफ. जाळी साफ केली. बाहेर पाऊ

शुक्रवार, १२ डिसेंबर

कालचं पान वाचलं. पाच ओळींत चार चुका आणि शेवटचा शब्द अर्धा. चाळीस वर्षांत कुणी माझ्या हातून असा मजकूर निघालेला बघितला नसेल. म्हातारपण असं अचानक येतं का? प्रतिमा गेली त्या वर्षीसुद्धा माझा काना-मात्रा चुकला नव्हता. मला याची भीती वाटतेय. माझं डोकंच गेलं तर या दोघींना कोण बघणार?

वजन सतराशे सत्तर. पस्तीस ग्रॅम उतरलं. ठकी दूध ओढत नाही. तोंडात घेते आणि तशीच झोपते. रडतसुद्धा नाही. हर्षिता सकाळपासून दोनदा ओकली, काल बाहेरून आणलेल्या सांबाराचं निमित्त. ती भिंतीला टेकून नुसती बसून असते, मी बोललो तर मला "हो आई" म्हणाली.

दही आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. पावसात दहा मिनिटं उभा राहिलो तर डोकं एकदम हलकं झालं, जग जागेवर आलं. घरात परत आलो की पुन्हा तेच. कोंडून घेऊन बसल्याचा कंटाळा, दुसरं काय.

डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत ठेवून दिला. त्या म्हणणार, घेऊन या. पुन्हा ती काच, पुन्हा ती दोन बोटं. मी शब्द दिलाय. माझ्या हातून ठकी जगत नाहीय, हे त्यांना फोनवर कुठल्या तोंडानं सांगू? उद्या सकाळी तुंगाबाई येतील. बाईमाणूस आहे, चार बाळंतपणं केली आहेत. तोवर एवढी एक रात्र काढायची. देवा, एवढी एकच रात्र काढून दे.

ऊब कमी पडत असेल. कोळसा दुप्पट घातला. किल्ली पूर्ण आडवी केली.

रविवार, १४ डिसेंबर. दवाखान्यात

बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर पुन्हा माझं झालंय.

काल सकाळी तुंगाबाई साडेसातला होसूरहून आल्या. बेल वाजवली, कुणी उठलं नाही. त्यांच्याकडं घराची किल्ली होती. मला आठवतं ते असं: खोलीचं दार उघडलं, गार हवेचा लोट आला आणि काळा चष्मा घातलेली एक बाई ओरडत आत शिरली. त्यांना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं सांगितलेलं. त्यांनी वाकून ठकीला उचललं, हर्षिताला दंडाला धरून फरफटत अंगणात नेलं, परत आल्या आणि खिडक्यांवरची माझी वर्तमानपत्रं दोन्ही हातांनी टराटरा फाडली.

"गाळी नाही खोलीत! अण्णा, गाळीच नाही!"

मी जमिनीवर बसल्या बसल्या म्हणालो, "जाळी रोज साफ करतो मी."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग हात वर करून नळीची किल्ली उभी केली. त्यांना ती शोधावी लागली नाही.

कोळशाचा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. डॉक्टर मला ओरडल्या नाहीत, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे विचारत गेल्या. डोकं दुखत होतं? हो. बाहेर गेल्यावर थांबायचं? हो. बाळ जास्त झोपत होतं? हो. मी म्हटलं, पण गाल गुलाबी झाले होते हो तिचे. त्या म्हणाल्या, "त्या विषानं होतात."

म्हणजे मी ज्याचा आनंद मानला, जे शंभूराजला फोनवर दाखवलं, ते हे होतं. "अजून काही तास गेले असते तर," एवढं बोलून त्या थांबल्या.

ठकी काचेत आहे. नळ्या लावल्यात. हर्षिता पलीकडच्या वॉर्डात, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. मला पाच तासांत सोडलं. मला काही झालेलं नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

हर्षिता बरी आहे. पेटीपाशी स्टुलावर बसते, दोन बोटं आत घालून. आज तिनं मला बघितलं आणि पहिल्यांदा बोलली.

"अप्पांचा कागद कुठंय?"

माझ्याच खिशात होता. तुंगाबाईही शेजारी होत्या. हर्षितानं कागद उलगडला आणि बराच वेळ वाचला. लाल रेघेवर बोट ठेवलं.

"बाबा, इथं गाळी लिहिलंय."

"हो."

"गाळी म्हणजे हवा. कानडीत. महादेवपुऱ्याच्या ऑफिसाबाहेर पंक्चरवाल्याच्या पाटीवर रोज बघते मी. टायरमध्ये गाळी भरतात." तिचा आवाज चढला नव्हता. "मला माहीत होतं, बाबा. मी तुम्हाला विचारलं होतं ना, काय लिहिलंय? तुम्ही जाळी वाचलंत."

त्या दिवशी कागद नुसता तिच्या हातात दिला असता तरी पुरे होतं. ते मला सुचलं नाही. चुकीचा मजकूर कुणाच्या हातात द्यायचा नाही, ही सवय.

तुंगाबाईंनी कागद घेतला, डोळ्याजवळ नेला आणि नवऱ्याच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "आमच्या यांना मराठी येत होती, अण्णा. घरी आम्ही हवेला गाळीच म्हणतो. साडेतीनशे वर्षं इथलीच खाल्ली, मग तिला दुसरं काय म्हणायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, मला तोच जास्त हवा होता. पुढं म्हणाल्या, "दर जानेवारीत पेटवायच्या आधी मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. किल्लीचं लिहायची गरज नव्हती. गाळी म्हटलं की आम्हाला किल्लीच कळायची."

शुक्रवार, १९ डिसेंबर

ठकीनं आज स्वतः दूध ओढलं. वीस मिली. नर्सनं सांगितलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो.

डॉक्टर म्हणतात, श्वास चांगला आहे. पण ऐकू येतं का, मेंदूला काही झालंय का, ते आज सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी बघू, मग सहा, मग वर्षानं. म्हणजे वर्षभर रोज टाळी वाजवून ती दचकते का, हे आम्ही बघायचं. ती दचकली नाही तर तो माझा लाल ज असेल.

तुंगाबाईंना म्हटलं, मी पुण्याला जातो. हर्षिताला माझं तोंड बघवत नाही. त्या डबा भरत होत्या. "जा की. पण मला अजून वाकता येत नाही, हिला उचलायला कोण?" एवढंच म्हणाल्या. तिकीट काढलं नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

ठकी काल घरी आली. वजन एक किलो नऊशे दहा. शंभूराजही आला आहे. माझ्याशी नीट बोलतो, आणि फार जपून बोलतो. वायरिंग नवीन केलं, तेलाचा हीटर आणला. शेगडी थंड आहे. मी तिच्यावर रुमाल घातला, मनीप्लांट ठेवला.

कागद परत डब्यात ठेवायचा होता. तसाच ठेववेना. मुद्रितशोधकाची एक खूण असते. आपण मारलेली काट चुकली असं लक्षात आलं, तर त्या शब्दाखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं: राहू द्या. म्हणजे लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं तेच बरोबर. चाळीस वर्षांत मी ती खूण फार थोड्या वेळा केली असेल. आज समासातला माझा ज खोडला, 'गाळी'खाली सहा ठिपके दिले, दोन्ही ठिकाणी, आणि बाजूला लिहिलं. तुंगाबाई बघत होत्या. डबा त्यांनीच आपल्या कपाटात ठेवला.

आज दुपारी मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो होतो. नुसता बसलो होतो, वाचत नव्हतो. हर्षिता दारात आली. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंही बोललेली नाही.

"बाबा, शर्ट काढा. मला आंघोळ करायचीय."

मी आत गेलो. खाटेवर उशीला टेकून बसलो. तिनं ठकीला माझ्या छातीवर ठेवलं, शाल गुंडाळली, गाठ मारली. हात काढायला तिला वेळ लागला. ठकीनं नाक मुरडलं आणि शिंकली.

हर्षिता दारापर्यंत गेली, थांबली, खिडकीकडं बघितलं.

"उघडी आहे," मी म्हटलं. "चार बोटं. तिला गार लागत असेल तर लावून घे."

"नको," ती म्हणाली. "राहू द्या."